मोठी बाइक आणि पाणंद : ‘ऑफ-रोड’ या एका शब्दाचा इतिहास

मागच्या लेखात आपण रिसर्च क्वेश्चन कसा बांधायचा यावर बोललो होतो. तो वाचून पेटची तयारी करणाऱ्या एका मुलाने मला त्याच्या प्रपोजलचा कच्चा मसुदा पाठवला. विषय असा : ‘मोठ्या ॲडव्हेंचर टुरिंग मोटरसायकली ऑफ-रोड किती चांगल्या चालतात?’ पुरावा म्हणून त्याने डाकार रॅलीच्या विजेत्यांची यादी, कंपन्यांच्या माहितीपत्रकातले आकडे आणि रायडर्ससाठी एक प्रश्नावली असा बेत मांडला होता. शेवटी त्याने भीतभीत विचारलं होतं, “ताई, हा विषय फार हलका तर नाही ना?”

अजिबात नाही. फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून मी तंत्रज्ञानाच्या इतिहासात पीएचडीला आले, तेव्हा मलाही वाटायचं की संशोधनाचा विषय भारदस्त दिसायला हवा. आता वाटतं की विषय कसाही चालतो, प्रश्न मात्र धड हवा. आणि या प्रश्नात मला तीन शब्द खटकले : ‘मोठ्या’, ‘ऑफ-रोड’ आणि ‘चांगल्या’. म्हणजे जवळजवळ सगळाच प्रश्न! आमच्या गाईड मॅडम कुठल्याही मसुद्यावर पेन्सिलीने एकच गोष्ट लिहितात, “कशाच्या तुलनेत?” आज तीच पेन्सिल घेऊन या विषयाच्या इतिहासात जाऊन येऊ.

आधी एक कबुली. मी स्वतः ॲक्टिव्हावाली. पण माझ्या मामेभावाकडे एक मोठी ॲडव्हेंचर बाइक आहे. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये आम्ही भोरच्या बाजूला गेलो होतो. डांबरी रस्ता संपला, मुरमाचा लागला, आणि तिथे ती गाडी इतकी मस्त चालली की मागे बसून मला झोप यायला लागली. मग दादाला एक पाणंद दिसली. दोन्ही बाजूंना बांध, मध्ये बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या, त्यात गुडघ्याच्या खालपर्यंत चिखल. पन्नास पावलांवर गाडी आडवी झाली. वेग काहीच नव्हता, लागलंही नाही. पण ती गाडी आम्हा दोघांना उचलेना. तेवढ्यात समोरून एक काका स्प्लेंडरवर दुधाच्या किटल्या अडकवून, दोन्ही पाय चिखलात टेकत टेकत आले. थांबले, गाडीकडे बघितलं आणि म्हणाले, “हे एवढं धूड हितं कशापायी आणलं?” तिघांनी मिळून गाडी उभी केली. काका स्प्लेंडरवर निघून गेले, आम्ही ती गाडी ढकलत मागे नेली.

आता यावरून ‘मोठ्या बाइक ऑफ-रोड वाईट’ असा निष्कर्ष काढायचा का? मग त्या आधीच्या मुरमाच्या रस्त्याचं काय करायचं? एकाच दुपारी, एकाच गाडीने, एकाच चालवणाऱ्याने दोन विरुद्ध निकाल दिले होते. मराठीत त्या दोन जागांना दोन वेगळे शब्द आहेत, मुरमाचा रस्ता आणि पाणंद. इंग्रजीतून आलेल्या ‘ऑफ-रोड’ने दोघांना एकाच पोत्यात भरलं. खडी, मुरूम, वाळू, चिखल, ओढा, कातळ, पायवाट हे सगळं त्याच पोत्यात. हा घोळ फक्त भाषेचा नाही. तो या गाड्यांच्या जन्मापासून त्यांच्यासोबत आहे.

जन्म म्हणजे १९८०. मोठी इंजिनं असलेल्या गाड्या कच्च्या रस्त्यावर त्याआधीही जात होत्याच, कारण जगातले बरेचसे रस्ते कच्चेच होते. पण ‘हायवेवर दिवसभर पळणारी आणि डांबर संपलं तरी न थांबणारी मोठी गाडी’ असा वेगळा प्रकार बाजारात रुजवला तो बीएमडब्ल्यूच्या आर ८० जी/एस या गाडीने. सप्टेंबर १९८० मध्ये फ्रान्समधल्या आव्हिन्यों इथे ती पत्रकारांना दाखवली गेली. ७९७.५ सीसी, ५० हॉर्सपॉवर, दोन्ही बाजूंना सिलिंडर बाहेर आलेलं बॉक्सर इंजिन, चेनऐवजी शाफ्ट, आणि मागचं चाक एकाच बाजूने धरणारा स्विंगआर्म. नावातला ‘जी’ म्हणजे गेलेंडं, जर्मनमध्ये मोकळं रान. ‘एस’ म्हणजे श्ट्रासं, रस्ता. मधे एक तिरकी रेघ. रान किंवा रस्ता, दोन्ही. पुढे १९८७ पासूनच्या मॉडेलांवर ती रेघ गेली आणि नुसतं ‘जीएस’ उरलं. मला त्या रेघेबद्दल थोडी हळहळ वाटते. त्या रेघेत निदान एवढी कबुली तरी होती की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या गाडीच्या मागे लास्लो पेरेस नावाचा बीएमडब्ल्यूच्या चाचणी विभागातला माणूस होता. त्याने बॉक्सर इंजिनाभोवती स्वतःची एक हलकी गाडी बांधली आणि १९७८ च्या जर्मन ऑफ-रोड चॅम्पियनशिपमध्ये, ७५० सीसीवरच्या गटात, दुसरा क्रमांक मिळवला. ती गाडी दीडशे किलोच्या आत होती. आणि दोन वर्षांनी दुकानात आलेली आर ८० जी/एस किती? पेट्रोल-ऑइलसकट १८६ किलो.

इथे जरा थांबा, कारण पुढचं सगळं याच फटीतून येतं. पराक्रम केला एका गाडीने, विकली गेली दुसरी. ती वाईट होती असं नाही. दिवे, बॅटरी, सीट, कॅरिअर, टिकाऊपणा हे सगळं घातलं की वजन येणारच. पण स्पर्धेतल्या गाडीचा पुरावा विकाऊ गाडीच्या नावावर जमा झाला, आणि पुढची चाळीस वर्षं तसाच होत राहिला.

वजनावरून एक उपयुक्त सूचना. जुनी माहितीपत्रकं वाचताना ‘ड्राय वेट’ आणि सर्व द्रवांसकट वजन यांत गल्लत करू नका. आर ८० जी/एसचं कोरडं वजन १६७ किलो लिहिलेलं सापडतं, भरलेलं १८६. एका गाडीचा पहिला आकडा आणि दुसरीचा दुसरा आकडा घेऊन शेजारी शेजारी मांडले की कुठलाही निष्कर्ष काढता येतो. मसुदा पाठवणाऱ्या त्या मुलाच्या तक्त्यात नेमकं हेच झालं होतं.

आता डाकारकडे. पहिली पॅरिस-डाकार रॅली २६ डिसेंबर १९७८ ला पॅरिसहून निघाली आणि मोटरसायकलवर सिरिल नव्ह जिंकला. गाडी यामाहा एक्सटी ५००. एक सिलिंडर, वजन दीडशे किलोच्या आसपास. पुढच्या वर्षीही तोच, तीच गाडी. म्हणजे सुरुवात हलक्या गाडीच्या विजयाने झाली, हे लक्षात ठेवा. मग १९८१ मध्ये ह्युबेर ओरिओल बीएमडब्ल्यूवर जिंकला, १९८३ मध्ये पुन्हा तोच, आणि १९८४, १९८५ ला गास्तों राइए. राइए तीन वेळचा मोटोक्रॉस जगज्जेता, पण उंची साडेपाच फुटांपेक्षा कमी. त्या गाडीवर बसून त्याचे पाय जमिनीला टेकायचे नाहीत. एका फूटपेगवर उभं राहून चालत्या गाडीवर तो स्वार व्हायचा, हे त्याचं वैशिष्ट्यच होऊन बसलं. १९८४ मध्ये बीएमडब्ल्यूने ३२ लिटरची टाकी लावलेली ‘पॅरिस-डाकार’ आवृत्ती विकायला काढली. टाकीवर राइएची सही होती.

टाकी मोठी झाली. सही आली. राइए मात्र टाकीबरोबर मिळत नव्हता.

त्यानंतर होंडाने १९८६ ते १९८९ अशी सलग चार वर्षं व्ही-ट्विन इंजिनाच्या एनएक्सआर ७५० वर रॅली जिंकली आणि त्या कीर्तीच्या बळावर १९८८ मध्ये दुकानात आफ्रिका ट्विन आणली. ती ६४७ सीसीची होती. नावाचा वारसा थेट, गाडी वेगळी. मग काजिवा, मग यामाहाची दोन सिलिंडरची गाडी आणि तिच्यावर स्तेफान पेतेरान्सेल, जो १९९१ ते १९९८ या काळात सहा वेळा जिंकला. एवढी यादी बघून कुणालाही वाटेल की प्रश्न सुटला. मोठ्या गाड्या रानात उत्तमच चालतात!

पण कुठल्या रानात? सहाराच्या त्या काळच्या टप्प्यांमध्ये शेकडो किलोमीटर मोकळं वाळवंट असायचं. अशा जागी मोठं इंजिन खरंच फायद्याचं. मऊ वाळूत वेग कमी झाला की पुढचं चाक रुतायला लागतं, वेग राखला तर ते वरच्यावर तरंगतं. वेग राखायला ताकद लागते. एका टप्प्याला लागणारं पेट्रोलही सोबत न्यावं लागतं. एनएक्सआरमध्ये ते पन्नास लिटरच्या वर मावायचं, म्हणजे नुसतं पेट्रोलच पस्तीस-चाळीस किलो. एवढं ओझं घेऊन ताशी दीडशेच्या पुढे पळायचं तर लहान इंजिन धापा टाकतं. वळणं कमी, थांबणं कमी. वजनाची किंमत जिथे जिथे चुकवावी लागते, ते प्रसंगच तिथे कमी येत होते.

म्हणून डाकारची यादी मला पुरावा म्हणून कच्ची वाटते. ती खोटी नाही. तिने वाळवंटातल्या वेगाचं मोजमाप केलं आणि आपण तिला ‘ऑफ-रोड’ असं लेबल लावलं. शिवाय ती फक्त जिंकणाऱ्यांची यादी आहे. निम्म्या वाटेत मोडलेल्या गाड्या आणि हेलिकॉप्टरने नेलेली माणसं त्या यादीत नाहीत. याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात हे तुम्हाला पाठ असेल. पण पाठ असणं वेगळं आणि स्वतःच्या तक्त्यात तो दिसणं वेगळं.

मग याहून बरा पुरावा आहे का? आहे, आणि तो त्याच रॅलीत आहे. २००० सालची डाकार-कैरो रॅली. बीएमडब्ल्यूने त्या वर्षी दोन प्रकारच्या गाड्या उतरवल्या : एक सिलिंडरची एफ ६५० आरआर आणि मोठ्या बॉक्सर इंजिनाची आर ९०० आरआर. कंपनी तीच, रॅली तीच, वाळू तीच. रिशार सँक्त पहिला, ऑस्कर गयार्दो दुसरा, दोघेही एक सिलिंडरवर. बॉक्सरवर जिमी लुइस तिसरा. चौथा ज्याँ ब्रुसी, पुन्हा एक सिलिंडरवर. इतिहासात नियंत्रित प्रयोग मिळत नाहीत, पण कधी कधी असा अर्धामुर्धा तुकडा हाताला लागतो. त्यातून काय म्हणता येतं? मोठी गाडी तिसरी आली, म्हणजे ती टाकाऊ नक्कीच नव्हती. पण ज्यांनी दोन्ही बांधल्या त्यांच्याच हलक्या गाड्या पुढे होत्या. बस, एवढंच. चार माणसांच्या निकालावरून याहून जास्त म्हणू नये. चालवणारे वेगळे होते, आणि लुइस हा असामान्य कसबाचा माणूस.

तोवर वारं फिरलेलंच होतं. २००२ मध्ये फाब्रिझिओ मेओनी केटीएमच्या ९५० सीसी ट्विनवर जिंकला, त्यानंतर मात्र दोन सिलिंडरची गाडी डाकार जिंकलेली नाही. मेओनी २००५ च्या रॅलीत मॉरिटानियात मरण पावला, एक सिलिंडरच्या गाडीवर. त्याच वर्षी होसे मानुएल पेरेस हा स्पॅनिश रायडरही गेला. त्यामुळे ‘हलकी म्हणजे सुरक्षित’ असंही सरळ समीकरण मांडू नका. वेग हा स्वतंत्र घटक आहे. पुढे २०११ पासून आयोजकांनी सगळ्यांनाच ४५० सीसीची मर्यादा घातली. म्हणजे ज्या रॅलीच्या नावावर मोठ्या गाड्या विकल्या गेल्या, त्या रॅलीत त्यांना आता प्रवेशच नाही. आपला सी. एस. संतोष २०१५ मध्ये डाकार पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, तोही ४५० वरच.

दुकानात मात्र उलटा प्रवास चालू होता. १९९० च्या दशकात आलेली आर ११०० जीएस पेट्रोलसकट २४० किलोच्या वर गेली. पुढचं चाक २१ इंचांवरून १९ वर आलं, जे डांबरावर वळायला बरं, पण दगडावर चढायला कमी बरं. चाक जितकं मोठं तितका धोंडा त्याला उताराने भेटतो, लहान चाकाला तोच धोंडा भिंतीसारखा लागतो. २०२३ ला आलेली आर १३०० जीएस २३७ किलोची आहे, १४५ हॉर्सपॉवरची, आणि तिचं कौतुक ‘आधीपेक्षा बारा किलो हलकी’ म्हणून झालं. ते खरंही आहे, आधीची २४९ किलोची होती. पण तुलना कुणाशी हे बदललं की कौतुकही बदलतं. १९८० मध्ये १८६ किलोच्या गाडीला हलक्या एन्ड्युरो बाइक चालवणारे जड म्हणत होते.

एक आकडा मला फार बोलका वाटतो. १९८० च्या गाडीत पुढचं सस्पेन्शन २०० मिलिमीटर दबायचं, मागचं १७०. २०२३ च्या गाडीत पुढचं १९० आणि मागचं २००. त्रेचाळीस वर्षांत ताकद जवळजवळ तिप्पट झाली, वजन पन्नास किलोने वाढलं, आणि खड्डा गिळायची खोली होती तिथेच राहिली. म्हणजे वाढलेली ताकद खड्ड्यासाठी नव्हती. ती जर्मन हायवेसाठी होती, दोन माणसं आणि तीन पेट्या घेऊन पळायला. त्यात गैर काही नाही. फक्त तिला रानाच्या खात्यात धरू नये.

आता थोडं फिजिक्स, कारण त्याशिवाय माझं मन भरत नाही.

जड गाडी मुरमावर इतकी शांत का चालते? चाक, ब्रेक, एक्सल हे स्प्रिंगच्या खालचं वजन, बाकी गाडी आणि आपण स्प्रिंगच्या वरचं. खालचं वजन वरच्याच्या तुलनेत जितकं कमी, तितकं चाक एकटं उड्या मारतं आणि आपण जागेवर राहतो. मोठ्या गाडीत वरचं वजन भरपूर, त्यामुळे हे प्रमाण अनुकूल पडतं. लहान गाडीचं चाक गाडीलाच हलवतं. म्हणून वेगात, सरळ, कडक पृष्ठभागावर मोठी गाडी खरंच सरस असते. आमच्या मुरमाच्या रस्त्यावर मला जी झोप आली, तिचं कारण हे.

पाणंदीत वेग नाही. वेग नसला की चाकांच्या फिरण्यातून मिळणारी स्थिरता जाते आणि तोल पायांवर येतो. मग वजन थेट आपल्या मांड्यांवर. आणि गाडी पडली तर? ढोबळ हिशोब करू. आडवी गाडी हँडल धरून उचलताना टायरची कडा हा टेकू. गुरुत्वमध्य टेकूपासून अर्धा मीटर, हात एक मीटर, असं समजा. मग सुरुवातीला वजनाच्या साधारण निम्मा जोर लावावा लागतो. अडीचशे किलोच्या गाडीला सव्वाशे किलो, एकशे दहा-बारा किलोच्या स्प्लेंडरला पंचावन्न. पंचावन्न किलो एकटा माणूस उचलतो. सव्वाशे किलो, तेही चिखलात पाय घसरत असताना, बहुतेकांना जमत नाही. बॉक्सर गाड्या सिलिंडरवर टेकून अर्धवटच आडव्या होतात, त्यामुळे थोडी सवलत मिळते. तंत्रानेही फरक पडतो, पाठ गाडीला लावून मांड्यांच्या जोरावर उचलतात. पण हिशोबाचा रोख तोच राहतो.

म्हणून मला वाटतं, ‘किती चांगली चालते’ यापेक्षा ‘पडल्यावर एकट्याने किती वेळा उभी करता येते’ हे मोजमाप जास्त प्रामाणिक आहे. माहितीपत्रकात ते कधीच नसतं. एकट्याने लडाखच्या एखाद्या ओढ्यात अडकलेल्या माणसाला मात्र तेवढंच हवं असतं. थंडगार पाणी, दमलेलं अंग, तिसऱ्यांदा पडलेली गाडी. तिथे हॉर्सपॉवर कुणी विचारत नाही.

ब्रेकचीही एक गंमत सांगायला हवी. सैल खडीवर चाक लॉक झालं की त्याच्यापुढे खडीची लहानशी ढिगळी जमते आणि तीच गाडीला थांबवते. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, म्हणून ती ढिगळी बनत नाही आणि थांबायचं अंतर वाढतं. डांबरावर जीव वाचवणारी गोष्ट खडीवर आड येते. म्हणून या गाड्यांमध्ये एबीएस बंद करायचं बटण आलं, आणि पुढे रानासाठी वेगळे मोड आले. इलेक्ट्रॉनिक्सने बऱ्याच चुका पोटात घातल्या हे खरं. गुरुत्वाकर्षणासाठी मात्र अजून मोड आलेला नाही.

आता जिने या गाड्यांना घराघरांत नेलं त्या गोष्टीकडे. २००४ मध्ये युअन मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन हे दोन अभिनेते लंडनहून पूर्वेकडे निघून न्यूयॉर्कला पोहोचले आणि त्यावर ‘लाँग वे राउंड’ ही मालिका झाली. गाड्या बीएमडब्ल्यू आर ११५० जीएस ॲडव्हेंचर. त्याआधी केटीएमने, हा प्रवास पूर्ण होण्याची खात्री नसल्याने, गाड्या द्यायला नकार दिला होता. मालिका बघणाऱ्याच्या मनात राहते ती सायबेरिया ओलांडणारी भलीमोठी गाडी. पण संशोधकाने तीच मालिका वही-पेन घेऊन बघावी. मंगोलियात सामानाने लादलेल्या या गाड्या पुन्हा पुन्हा पडतात. कॅमेरामन क्लाउदिओ फॉन प्लांटाच्या गाडीची फ्रेम मोडते. ती गाडी ट्रकने उलानबातरला जाते आणि तो तिथल्याच कुणाकडून एक लाल रशियन टू-स्ट्रोक घेतो, इझ प्लॅनेटा ५. सुरुवातीला तीही रुसते, पण मग तिच्यावरून तो बाकीच्यांबरोबर जातो. पुढे सायबेरियात नद्यांना इतकं पाणी असतं की मोठ्या गाड्या ट्रकवर चढवून पलीकडे न्याव्या लागतात.

हे कुणी लपवलेलं नाही. सगळं पडद्यावर आहे. तरी आपल्या आठवणीत ट्रक राहत नाही, बाइक राहते. आणि मला त्या लाल प्लॅनेटामध्ये भोरचे ते काका दिसले. जे वाहन त्या मातीत रोज चालतं, ते तिथल्या लोकांनी आधीच निवडलेलं असतं. तोही एक डेटासेटच आहे, फक्त तो कुणी गोळा केलेला नसतो.

कॉन्फाउंडिंग समजावून सांगायला मी आता एक उदाहरण नेहमी देते. टेड सायमन हा इंग्रज पत्रकार १९७३ मध्ये ५०० सीसीच्या ट्रायम्फवर जगप्रवासाला निघाला, चार वर्षं फिरला, भारतातही आला. ‘ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स’ हे त्याचं पुस्तक प्रसिद्ध आहे. २००१ मध्ये, सत्तरीला टेकल्यावर, तो जवळजवळ त्याच वाटेने पुन्हा निघाला. या वेळी गाडी बीएमडब्ल्यू आर ८० जीएस. केनियात पडून त्याचा पाय मोडला. एकच माणूस, तीच वाट, दोन गाड्या. एखाद्या घाईतल्या विद्यार्थ्याला वाटेल, वा, पेअर्ड डिझाइन! पण मध्ये अठ्ठावीस वर्षं गेली होती. पाय गाडीने मोडला, वयाने मोडला की त्या दिवशीच्या रस्त्याने? सांगता येत नाही. गोष्ट म्हणून सुरेख आहे, पुरावा म्हणून शून्य. (पाय बरा झाल्यावर त्याने प्रवास पूर्ण केला, हे सांगायलाच हवं.)

मग माझं उत्तर काय? टाळाटाळ न करता सांगते. मुरूम, खडी, कडक माती, लांबच लांब खराब डांबर, एवढ्या सगळ्यावर मोठी ॲडव्हेंचर गाडी चांगली, आणि वेग असेल तर लहान गाडीपेक्षा चांगली. मोकळ्या वाळूत निष्णात माणसाच्या हातात चालते, नवख्याच्या हातात नाही. पाणंद, खोल चिखल, सुटे धोंडे, अरुंद पायवाट, तीव्र चढावर थांबून पुन्हा निघणं, यात ती वाईट, आणि जितकी जड तितकी वाईट. निष्णात रायडर तिथूनही नेतो, पण तेव्हा आपण गाडी मोजत नसतो, त्याला मोजत असतो. लाँग वे राउंडच्या जोडीलाही निघण्यापूर्वी वेल्समध्ये रीतसर ऑफ-रोड प्रशिक्षण घ्यावं लागलं होतं.

रॉयल एनफिल्डने २०१६ मध्ये हिमालयन आणली तेव्हा ती ४११ सीसीची, २४ हॉर्सपॉवरच्या आसपासची, २१ इंची पुढचं चाक, २०० मिलिमीटर दबणारं पुढचं सस्पेन्शन आणि १८० ते १९० किलोच्या दरम्यान वजन अशी होती. ताकद सोडली तर हे आकडे १९८० च्या आर ८० जी/एसच्या किती जवळ आहेत बघा. हायवेवर तिला लोकांनी नावं ठेवली. पण स्पितीच्या रस्त्यांवर ताशी चाळीसच्या वर जायची सोयच नसते, तिथे ती रांगेने दिसते. कुणी जुना तक्ता समोर ठेवून ती बनवली असेल असं मी म्हणत नाही. त्या प्रकारच्या वाटांवर तेवढंच लागत असावं, असं फार तर म्हणेन.

हे सगळं त्या मुलाला लिहून पाठवलं. आठवडाभर काही उत्तर नाही. मला वाटलं नाराज झाला. मग नवा मसुदा आला. ‘ऑफ-रोड’ हा शब्द शीर्षकातून गेला होता. त्याऐवजी मुरूम, नदीतली वाळू आणि पावसाळी पाणंद असे तीन पृष्ठभाग, दोन गाड्या (एक दीडशे किलोच्या आतली, एक सव्वादोनशेच्या वरची), दोन्ही गाड्या आळीपाळीने चालवणारे तेच ते रायडर, कुणी आधी कुठली चालवायची ते चिठ्ठ्या टाकून. मोजायचं काय? लागलेला वेळ, किती वेळा पाय टेकला, किती वेळा गाडी पडली, आणि मदतीशिवाय उभी करायला किती सेकंद लागले. रायडरचा अनुभव हा वेगळा रकाना. पूर्वीची प्रश्नावली परिशिष्टात.

खाली त्याने विचारलं होतं, “ताई, गाडी उचलताना कुणाच्या पाठीत उसण भरली तर ते निकालात लिहायचं की एथिक्स कमिटीच्या फॉर्ममध्ये?”

मी लिहिलं, “फॉर्ममध्ये आधी, निकालात नंतर. आणि पाणंदीच्या दिवशी तिसरा माणूस जवळ ठेव.”